गुरुजींच्या नावाचा डबा

बेलखडीत काहीही नवं बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न निघतो तो नावाचा. वस्तू कशी आहे, टिकेल का, कुणाच्या उपयोगाची, हे सगळं मागाहून. आधी नाव कुणाचं टाकायचं ते बोला. बसस्टँडच्या पाणपोईवर नाव आहे, स्मशानातल्या शेडवर आहे, दवाखान्यातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर आहे, म्हणजे लाइट असली की ते स्वर्गवासी दिवसभर गरगर फिरत असतात. तालमीमागच्या मुतारीवर एका शेठजींनी आपल्या वडिलांचं नाव मोठ्या भक्तिभावानं संगमरवरात कोरून घेतलं आहे. गावात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ज्यानं दिलं त्याचं नाव, मग दिलं काय हे विचारू नये, अशी आपली रीत आहे.

कल्याण हा इथल्या नगरपंचायतीचा स्वच्छता निरीक्षक. हुद्दा भारदस्त, काम मात्र सगळं नाक दाबून करायचं. मूळचा तो पाच-सहा घरांच्या एका वाडीवरचा. वाडीला एसटी जात नव्हती, म्हणून हायस्कूलच्या धर्मराज गुरुजींनी त्याला नववी-दहावीला आपल्याच घरी ठेवून घेतला. ठेवून गुरुजींनी घेतला खरा, पण सांभाळला दुर्गाबाई काकूंनी. कल्याणची आई तो लहान असतानाच गेली होती. त्यामुळे आई म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे काकूच यायच्या, तव्यापुढे बसलेल्या, हातात उलथनं, आणि गणिताचं पुस्तक मिटलेलं दिसलं की ते उलथनं त्याच्या दिशेनं उगारणाऱ्या.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, पण रविवारचा सकाळचा चहा काकूंकडे, हा नेम काही मोडला नाही. गेल्या वर्षी गुरुजी गेले तेव्हा मोठा मुलगा रामप्रसाद जालन्याहून येईपर्यंत सगळी धावपळ कल्याणनंच केली. काकू तेव्हा त्याला म्हणाल्या होत्या, ‘‘तू हायेस म्हणून मी उभी हाये.’’ हे वाक्य कल्याणनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, अगदी बायकोलासुद्धा नाही.

गुरुजींचं वर्षश्राद्ध जवळ आलं तसं काकूंच्या मनात आलं की तळ्याकाठच्या बागेत गुरुजींच्या नावानं दोन बाकडी टाकावीत. म्हाताऱ्या माणसांना टेकायला होतील. कल्याणनं आनंदानं जबाबदारी अंगावर घेतली. घेतली नसती तर ही गोष्ट झालीच नसती.

त्याच सुमारास नगरपंचायतीत वेगळंच एक प्रकरण शिजत होतं. नव्या मुख्याधिकारी प्रियदर्शनी मॅडम कुठल्याशा मोठ्या शहराचा पाहणी दौरा करून आल्या होत्या. तिथल्या बागेत त्यांनी कुत्र्यांच्या विष्ठेसाठी वेगळा डबा पाहिला होता. लोक कुत्रं फिरवायला आणतात, मागची घाण पिशवीत उचलतात आणि त्या डब्यात टाकतात. मॅडमना ते फार आवडलं. बेलखडीच्या बागेत सकाळी फिरणाऱ्यांच्या तक्रारी होत्याच, बूट भरतात म्हणून. मॅडमनी बैठकीत विषय काढला, तर सगळं सभागृह खुदूखुदू हसायला लागलं.

‘‘मॅडम, गावात पाळलेली कुत्री पाच-सहा असतील. बाकी सारी मोकाट. त्यांना कोन सांगनार डब्यात करा म्हनून?’’ एक सदस्य म्हणाले.

‘‘कुत्र्यांना नाही सांगायचं. त्यांच्या मालकांना सांगायचं.’’

‘‘मालकच तर न्हाई ना त्यांना!’’

तरीही मॅडमनी रेटून नेलं. बागेच्या फाटकाशी दोन डबे बसवायचे ठरले, एक साध्या कचऱ्याचा आणि एक कुत्र्यांचा. मग उरला खरा प्रश्न, की तो दुसरा डबा रिकामा करायचा कुणी? ठरावात हे कुणीच लिहीत नसतं. झाडूवाल्या सगुणाबाईंनी कमरेला पदर खोचून कल्याणला तोंडावरच विचारलं, ‘‘माणसाचं उचललं, गुराढोराचं उचललं. आता श्रीमंताच्या कुत्र्याचं बी आमीच पुडीत बांधून न्यायचं व्हय?’’ त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. कल्याणनं मग डब्याच्या आत काढून घेता येईल अशी जाड पिशवी, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि लांब दांड्याचा चिमटा मंजूर करून घेतला. पिशवी रोज सकाळी घंटागाडीतच जायची, आणि फाटकी पिशवी दिसली तर बाईंनी हात लावायचा नाही, असंही ठरलं. तेव्हा कुठे सगुणाबाईंनी पदर सोडला.

बाकडी आणि डबे एकाच ठेकेदाराकडून मागवले. बाकडी हिरवी येणार होती आणि डबे निळे. लोकार्पण रविवारी सकाळी, गुरुजींच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीच ठेवलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात कल्याणला दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी जालन्याला जावं लागलं.

तिथून त्यानं तन्वीर पेंटरला फोन लावला. तन्वीरच्या अक्षराला सगळ्या तालुक्यात तोड नाही आणि त्याच्या आज्ञाधारकपणालाही नाही. सांगाल तेवढंच करतो, त्याच्या पुढे डोकं चालवत नाही. चालवलेलं गिऱ्हाइकांना आवडत नाही, असा त्याचा अनुभव आहे.

‘‘तन्वीर, माल उद्या येतोय. हिरव्यावर गुरुजींचं नाव टाक. निळ्यावर दोन सूचना, एकावर कचऱ्याची, दुसऱ्यावर कुत्र्याची. मजकूर पाठवलाय.’’

‘‘बराबर.’’

‘‘रंग पक्का लाव. गुरुजींचं नाव हाय.’’

‘‘साहेब, बिलकुल बेफिकर राहा.’’

आणि कल्याण बिलकुल बेफिकीर राहिला.

शनिवारी संध्याकाळी परतीच्या एसटीत बसल्यावर त्याच्या मोबाइलवर गावच्या ग्रुपचा घंटानाद सुरू झाला. कुणीतरी फोटो टाकला होता, ‘आदरणीय धर्मराज गुरुजींना विनम्र अभिवादन’. खाली लोकांनी हात जोडायला सुरुवात केली होती. ग्रुपवर एकानं हात जोडले की बाकीच्यांना जोडावेच लागतात, नाहीतर माणूस माजलाय असं म्हणतात. एसटीत रेंज येत होती, जात होती. फोटो काही उघडला नाही, नुसता धुरकट चौकोन दिसत राहिला. बाकड्यांचा असेल, तन्वीरनं काम केलेलं दिसतंय, असं म्हणून कल्याणनं समाधानानं हात जोडले, वर दोन फुलंही टाकली. मग खिडकीला डोकं टेकून झोपून गेला.

रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो तळ्याकडच्या पायवाटेनं बागेत पोचला. तळ्यावरून गार वारं येत होतं. नव्या बाकड्यावर बियाण्यांच्या कंपनीतले एक साहेब पाय पसरून बसले होते, पायाशी त्यांचं भलंथोरलं लॅब्राडॉर. बाकडं निळं होतं. हिरवं सांगितलं होतं ना, असं कल्याणच्या मनात आलं तेवढ्यात साहेब त्याला बघून उठले, आणि त्यांच्या पाठीमागचा मजकूर उघडा पडला.

‘कुत्र्याची विष्ठा येथे टाकावी. इतरत्र टाकल्यास दंड.’

शेजारच्या बाकड्यावर, तितक्याच सुंदर वळणात: ‘कचरा येथेच टाकावा.’

‘‘मी विचारणारच होतो तुम्हाला,’’ साहेब नम्रपणे म्हणाले. ‘‘बसायची परवानगी आहे ना?’’

ठेकेदारानं रंगांची अदलाबदल केली होती. बाकडी निळी, म्हणजे डबे... तो फाटकाकडे पळत सुटला.

फाटकाशी दोन हिरवेगार डबे लोखंडी खांबांवर दिमाखात उभे होते. दोन्हींवर पिवळ्या रंगात, काळी कड देऊन, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘कै. धर्मराज गुरुजी यांच्या स्मरणार्थ’. दुसऱ्या डब्यावर तर कारखान्यातूनच कुत्र्याचं चित्र चिकटवून आलं होतं. चित्रातलं कुत्रं गुरुजींच्या नावाखाली शेपूट वर करून बसलं होतं. कुणा भाविकानं पहिल्या डब्याला झेंडूचा हार घातला होता.

काल ग्रुपवर सगळ्या गावानं हात जोडले ते याच फोटोला, आणि त्यानं वर फुलंही वाहिली होती. नोकरीची भीती त्याला वाटलीच नाही असं नाही, पण ती फार मागे होती. पुढे उभ्या होत्या त्या काकू. नवरा जाऊन वर्ष झालेली बाई आज पांढऱ्या साडीत इथे येणार आणि नवऱ्याचं नाव कुत्र्याच्या घाणीच्या डब्यावर वाचणार. त्यानंतर कुठल्या तोंडानं त्या घराची पायरी चढायची? आई एकदा गेली होती, तेव्हा त्याला कळत नव्हतं. आता कळत होतं.

त्यानं तन्वीरला फोन करून बोलावून घेतलं. तन्वीर लगेच आला, चहाचा कप हातात घेऊनच.

‘‘तन्वीर, हे काय करून ठेवलंस रे?’’

‘‘काय झालं? अक्षर बिघडलं का?’’

‘‘अक्षराला काय चुलीत घालायचंय! गुरुजींचं नाव डब्यावर टाकलंस?’’

‘‘साहेब, तुम्हीच बोलले, हिरव्यावर नाव. डबे हिरवे आल्ते. मी बराबर हिरव्यावर टाकलं.’’

‘‘अरे पण कचऱ्याच्या डब्यावर कुणी मेलेल्या माणसाचं नाव टाकतं का? तुला इचारावं वाटलं न्हाई?’’

तन्वीरनं चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, तालमीमागच्या मुतारीवर शेठजींच्या अब्बाचं नाव हाय. अक्षरं आखून देताना मी शेठजीला इचारलं व्हतं, पक्कं ना म्हनून. तर मलाच शिव्या पडल्या. तवापासून मी इचारत न्हाई.’’

गावानं लावलेली सवय गावालाच भोवत होती.

‘‘बरं, पुस आता. जल्दी पुस.’’

‘‘ते न्हाई निघनार.’’

‘‘का?’’

‘‘तुम्हीच बोलले पक्का रंग लाव. धा वर्सं निघनार न्हाई, गॅरंटी हाय माझी.’’ हे सांगताना तन्वीरच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता. लपवायचा म्हटला तरी लपेना.

तरीही दोघांनी मोटारसायकलमधलं पेट्रोल चिंधीवर घेऊन घासून पाहिलं. भोवतालचा हिरवा रंग तेवढा फिका पडला आणि त्यामुळे पिवळं नाव आणखीच उठून दिसायला लागलं. वरून नवा रंग मारावा तर तन्वीरकडचा हिरवा संपलेला, आणि रविवारी दुकान उघडं कुठे असणार? डबे उचलून न्यावेत तर खांब सिमेंटात गाडलेले. तेही कल्याणनंच सांगितलं होतं, चोरीला जाऊ नयेत म्हणून. आज त्याची सगळी चांगली कामं त्याच्यावर उलटत होती.

शेवटी त्यानं सगुणाबाईंकडून दोन रिकामी पोती घेतली आणि दोन्ही डब्यांना नाव झाकेल अशी सुतळीनं आवळून बांधली. हार काढून झुडपात टाकला. घामानं शर्टाची इस्त्री पार गेली होती.

‘‘झाकू नका साहेब,’’ सगुणाबाई झाडू टेकून म्हणाल्या.

‘‘बाई, तुम्ही तुमचं झाडा.’’

‘‘काय झाडू? कालपासून फाटकापाशी झाडायला कायी गावंना मला. म्हनून तर सांगून राह्यले.’’

कल्याणच्या ते कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. तो मनातल्या मनात काकूंना सांगायची वाक्यं जुळवत होता. ठेकेदाराची चूक झाली. तन्वीरची चूक झाली. मी जालन्याला गेल्तो. एकही वाक्य काकूंपुढे टिकणारं नव्हतं. उलथन्यापुढे त्याचं खोटं कधीच टिकलं नव्हतं.

फिरणारी मंडळी ये-जा करत होती. एका जवान पोरानं गुटख्याची पुडी तोंडात रिकामी केली, डब्याकडे पाहिलं, पोतं गुंडाळलेलं काहीतरी आहे एवढंच त्याला दिसलं, आणि पुडी पायाशी टाकून तो पुढे गेला. मागून येणाऱ्या दोघांनी शेंगांची टरफलं तिथेच टाकली. एकानं टाकलं की दुसऱ्याला परवाना मिळतो. बघता बघता फाटकाशी नेहमीसारखा पसारा झाला आणि सगुणाबाई ‘‘घ्या!’’ म्हणून पुन्हा झाडू घेऊन वाकल्या.

एवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली. आतून रामप्रसाद उतरला. गुरुजींचा थोरला, जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. आवाजही तसाच, भट्टीपुढे ओरडून घडलेला.

‘‘कल्याण!’’ त्यानं मोबाइल समोर धरला. ‘‘हा फोटो बघ. माझ्या बापाचं नाव कुत्र्याच्या डब्यावर! आणि खाली तू हात जोडतोस? फुलं टाकतोस? थट्टा लावलीय का?’’

‘‘दादा, मी फोटो उघडलाच न्हवता...’’

‘‘उघडला न्हवता? मंग फुलं कशाला टाकली?’’

या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या ग्रुपकडे नव्हतं. तेवढ्यात मुख्याधिकारी मॅडम आल्या, मागोमाग दोन सदस्य, फीत आणि कात्रीचं ताट घेऊन शिपाई. मॅडमनी पोतं बघितलं, बाकड्यांवरचा मजकूर वाचला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रामप्रसाद त्यांच्याकडे वळून म्हणाला, ‘‘मॅडम, मला लेखी खुलासा पाहिजे. जबाबदार माणसावर कारवाई पाहिजे. आणि हे दोन्ही डबे आत्ताच्या आत्ता उखडून पाहिजेत.’’

‘‘मीच जबाबदार हाये,’’ कल्याण म्हणाला. खरंच होतं ते. आणि तन्वीरचं नाव घ्यायला त्याची जीभ वळेना.

‘‘आईला काय सांगू मी?’’ रामप्रसादचा आवाज चिरकला. ‘‘ती मागून चालत येऊन राह्यलीय.’’

म्हणेपर्यंत काकू फाटकाशी आल्याही. पांढरी साडी, हातात पिशवी, चाल सावकाश. गर्दी आपोआप बाजूला झाली. साहेबांनी लॅब्राडॉरचा पट्टा आखडून धरला.

काकूंनी पोत्यांकडे पाहिलं. मग कल्याणकडे.

‘‘हे कुणी बांधलं?’’

‘‘मी, काकू.’’

‘‘सोड.’’

‘‘काकू, ऐका ना, त्याच्याखाली...’’

‘‘मला ठाव हाय त्याच्याखाली काय हाय. काल संध्याकाळी आल्ते मी इथं. सोड म्हणते ना!’’

कल्याणला सुतळीची गाठ सुटेना. सगुणाबाईंनी विळ्यानं ती कापली. पोतं खाली पडलं आणि पिवळी अक्षरं उन्हात झळकली. रामप्रसादनं मान फिरवली.

नेमका तेव्हाच तो गुटख्याचा पोरगा तळ्याला फेरी मारून परत येत होता. गर्दी बघून थांबला, डब्याकडे नजर गेली. नाव वाचलं. गुरुजींनी त्याला शाळेत असताना अंगठे धरून उभं केलेलं असणार, कारण त्याचा चेहरा एकदम सातवीतला झाला. इकडेतिकडे बघत तो वाकला, मघाशी टाकलेली पुडी उचलली, शेजारची टरफलंही गोळा केली, डब्याचं झाकण हळूच उघडून आत टाकली, कपाळाला हात लावला आणि कुणाच्या नजरेला नजर न देता झपाझप निघून गेला.

काकूंच्या तोंडून हसू फुटलं. आधी पदराआड, मग मोठ्यानं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

‘‘बघितलं रामप्रसाद? काल संध्याकाळभर हेच बघत बसले व्हते मी. शाळेत चाळीस वर्सं ओरडून घसा कोरडा केला ह्यांनी, कागद बाहेर टाकू नका म्हनून. एक कार्टं ऐकत न्हवतं. आता बघ, गेल्यावर ऐकून राह्यलेत.’’

‘‘आई, पण कुत्र्याचा डबा...’’

‘‘तो एक बदला,’’ काकू म्हणाल्या. ‘‘त्यावर नगरपंचायतीचं नाव टाका. कल्पना त्यांचीच हाय.’’

सगळे हसले. मॅडमही हसल्या, आणि त्यांच्या हसण्यात इतकं मोकळेपण होतं की त्यांनाही मघापासून घाम फुटला होता हे कळलं. ‘‘टाकते काकू, माझंच टाकते हवं तर,’’ त्या म्हणाल्या. मग रामप्रसादनं मोबाइल खिशात घातला, झुडपातला झेंडूचा हार काढून आणला, झटकला आणि पहिल्या डब्याला पुन्हा घातला. फीत डब्यालाच बांधली. कापली काकूंनी. तन्वीर मागे उभा राहून आपल्या अक्षराचा फोटो काढत होता.

कल्याण मात्र अजून तिथेच उभा होता, पोतं हातात धरून. आपली सुटका झाली हे त्याच्या अंगाला कळलं होतं, मनाला कळायचं होतं. काकू जाता जाता त्याच्यापाशी थांबल्या.

‘‘असा का उभा हायेस? जेवायला यायचंय न्हवं?’’

‘‘येऊ?’’

‘‘येऊ म्हनजे? वाढणार कोन मंग? ह्या रामप्रसादला खिरीचं भांडं कुठं असतं ते तरी ठाव हाय का?’’

कल्याणचा जीव भांड्यात पडला. भर फाटकात, सगळ्यांदेखत, तो वाकला आणि काकूंच्या पायांवर डोकं टेकवलं. मॅडम होत्या, सदस्य होते, हाताखालची माणसं होती, त्याला कशाची म्हणून लाज वाटली नाही. सकाळपासून छातीवर बसलेलं जातं उठून गेलं होतं.

दुपारी पंगती उठल्या. खीर-पुरी, वडे, कढी, सगळं कल्याणनं वाढलं आणि शेवटच्या पानावर तो स्वतः बसला. समोर काकू बसून आग्रह करत होत्या. रामप्रसाद ओसरीवर आडवा झाला होता, त्याचं घोरणं आत ऐकू येत होतं.

‘‘काकू,’’ कल्याण घास हातात धरून म्हणाला, ‘‘उद्या तन्वीरला सांगतो. बाकड्यावरचं ते पुसून, वर रंग देऊन, तिथं बी गुरुजींचं नाव टाकू. मूळ तर तेच ठरल्तं.’’

‘‘ते पुस, पर नाव नको,’’ काकू म्हणाल्या.

‘‘का?’’

काकूंनी त्याच्या पानात आणखी एक पुरी टाकली.

‘‘वर्स झालं, कल्याण. पहिल्या महिन्यात माणसं आली, बसली, रडली. मंग येईनाशी झाली. त्यांचं बी बराबर हाय, ज्याला त्याला संसार हाय. पर घरात कुणी त्यांचं नावच घेईना. मला वाईट वाटंल म्हनून घेत न्हवते. काल संध्याकाळी मी तिथं बसले आन् बघितलं, जो येतो तो डब्यापुढं थांबतो, नाव वाचतो. काही तर मोठ्यानं वाचत व्हते. धर्मराज गुरुजी, धर्मराज गुरुजी. किती दिवसांनी कानावर आलं.’’

कल्याणचा घास तसाच राहिला.

‘‘बाकड्यावर टाकलं असतं,’’ काकू म्हणाल्या, ‘‘तर समद्यांनी त्यांच्या नावाला पाठ लावली असती. खा आता, खीर गार होऊन राह्यलीय.’’

कल्याण जेवला. पोटभर जेवला, डोळे पुसत जेवला, आणि वाटी संपल्यावर त्यानं ती लहानपणी धरायचा तशी न बोलता पुढे केली. काकूंनी ती काठोकाठ भरली.